लिंकनचं पाचवं गिऱ्हाईक

शनिवारी सकाळी मृदुला पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि चरफडत होती. पोहे घरात खायला असते तर तिची काही तक्रार नव्हती. पण हे पोहे गाडी बघायला येणाऱ्या माणसासाठी होते. गिऱ्हाईक आलं की आधी पोहे, मग चहा, मग गाडी, हा क्रम तिच्या नवऱ्यानं, चंद्रहासनं, घालून दिला होता. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसा. फरक एवढाच, की मुलीच्या बापाला मुलीचं जमावं असं वाटत असतं. चंद्रहासला नेमकं उलटं वाटत होतं, अशी मृदुलाची चार गिऱ्हाइकांनंतर खात्री पटली होती.

गाडी म्हणजे लिंकन कॉन्टिनेंटल, एकोणीसशे शहात्तर सालची. रंग गडद निळा, छप्पर पांढरं, स्टिअरिंग डावीकडे. लांबी पाच मीटर ब्याण्णव सेंटीमीटर. अल्बनी उपनगरातल्या त्यांच्या टाउनहाउसचं गॅरेज बरोब्बर सहा मीटर. उरलेल्या आठ सेंटीमीटरांची पुढे चार, मागे चार अशी वाटणी व्हावी म्हणून चंद्रहासनं छताला दोरीनं एक टेनिसचा चेंडू टांगला होता. काचेला चेंडू टेकला की थांबायचं. नऊ वर्षं हा चेंडू मृदुलाच्या डोक्याला लागत आला होता, कारण धुण्याचं मशीन गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात होतं आणि तिथपर्यंत पोचायचं तर कपड्यांची टोपली डोक्यावर धरून, पोट आत घेऊन, गाडी आणि भिंत यांच्यामधून आडवं सरकावं लागे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्याला नाकाचा शेंडाही पुरत नव्हता.

तेही तिनं नऊ वर्षं चालवून घेतलं. माणसाला एक वेड असतं, तो पत्ते खेळत नाही, दारू पीत नाही, बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो आणि रविवारी गाडी पुसतो, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. पण जानेवारीत तिच्या आईचा व्हिसा आला आणि तिचा धीर संपला.

आशालताबाई पुण्यात कोथरूडला एकट्या राहत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मृदुला तीन आठवड्यांची रजा काढून जाऊन आली. विमानतळावर निघताना आईनं काठीवर रेलून हात हलवला होता. क्लिनिकच्या फार्मसीत दुसऱ्यांच्या आयांना गोळ्या समजावून देताना मृदुलाला तो हात रोज दिसायचा. कित्येक वर्षं रांगेत असलेला कायमच्या वास्तव्याचा अर्ज मंजूर झाला तेव्हा ती फार्मसीतच खुर्चीत बसून रडली. तिकीट वीस जुलैचं निघालं.

घर तीन मजली. खाली गॅरेज आणि एक छोटं न्हाणीघर, मधे स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर झोपायच्या खोल्या. दोन्हीकडे चौदा-चौदा पायऱ्या. आईला तीन पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. म्हणजे गॅरेजचीच खोली करायची, दुसरा मार्ग नव्हता. "गाडी काढतो," चंद्रहास त्याच दिवशी म्हणाला होता. कुरकुर नाही, काही नाही. मृदुलाला तेव्हा नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की तिनं पुरणपोळ्या केल्या.

आता जूनचा शेवट आला होता आणि गाडी तिथेच होती.

पहिला आला तो दातांचा डॉक्टर. चंद्रहासनं त्याला पोहे देऊन विचारलं, गाडी ठेवणार कुठे? तो म्हणाला, झाडाखाली. चंद्रहासनं त्याला झाडाच्या चिकाचे रंगावर होणारे परिणाम पाऊण तास सांगितले. दुसरं जोडपं लग्नांना गाड्या भाड्यानं देणारं. त्यांना त्यानं गंज लागलेल्या जागांचे फोटो दाखवले, मोठे करून, तारखांसह. तिसऱ्याला आत नवं इंजिन बसवायचं होतं. त्याचा चहासुद्धा अर्धा राहिला. चौथा साताऱ्याकडचा भूलतज्ज्ञ, हौशी, देखणा, पैसे घेऊन आलेला. चंद्रहास त्याला म्हणाला, "खरं सांगू का डॉक्टर, तुम्हाला झेपायची नाही." हे खास आपल्याकडचं औषध. माल विकायला बसायचं आणि गिऱ्हाइकालाच सुनवायचं, वर त्याला सचोटी म्हणायचं.

म्हणून या खेपेला मृदुलानं सूत्रं हातात घेतली. पाचवा माणूस लांबच्या पोरिरुआ गावाहून पहाटेच्या विमानानं येणार होता. तो साडेदहाला पोचणार होता. तिनं चंद्रहासला मात्र तो दोन वाजता येणार असं सांगितलं. जाड पोह्यांचा पुडा आदल्या दिवशीच कुकरच्या मागे लपवला आणि सकाळी कपाळावर हात मारून घेतला. "पोहे संपलेत रे. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत जाऊन ये ना. आणि तिथवर जातोच आहेस तर अळूची पानं बघ, मिळाली तर." चंद्रहास छोटी गाडी घेऊन गेला. शनिवारी सँडरिंगहॅमला पार्किंग मिळत नाही. दीड तास तरी निश्चिंती होती.

आलेल्या माणसाचं नाव विरेमू. साठीचा, दाराएवढा, जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या थंडीत पायात जँडल्स, नुसत्या रबरी चपला. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत उभी हयात काढून आता निवृत्त झालेला. "किया ओरा," असा इथल्या मूळ भाषेतला नमस्कार करून त्यानं पायातलं काढून ठेवलं, पोह्यांची बशी रिकामी केली आणि आणखी मागून घेतले. पोह्यांबद्दल चार प्रश्न विचारले, गाडीबद्दल एकही नाही. हा माणूस घेणार, असं मृदुलाच्या मनानं घेतलं.

खाली गॅरेजमध्ये तिनं शटर वर केलं. गाडीचा उजवा डोळा सताड उघडा, डावा मिटलेला.

"ही डोळा मारते की काय?" विरेमूनं विचारलं.

मृदुलानं ठरवलं होतं, दोष म्हणून एकही सांगायचा नाही. फायदे सांगायचे, किल्ली द्यायची, मोकळं व्हायचं. ती डावीकडच्या सीटवर बसली आणि इंजिन सुरू केलं. साडेसात लिटरचं ते धूड आतल्या आत गुरगुरलं आणि उघड्या डोळ्यावरची निळी पापणी हळूहळू मिटली.

"दिवे झाकलेले असतात," ती म्हणाली. "पापण्या मिटलेल्या ठेवायला इंजिनाची हवेची ओढ लागते. दिवा लावला की ओढ सुटते आणि उघडतात." तिनं बटण ओढलं. दोन्ही डोळे एकदम उघडले. "नळ्या रबराच्या आहेत. पन्नास वर्षांचं रबर, कुठेतरी झिरपतं. इंजिन बंद केल्यावर चाळीस मिनिटांनी उजवा आपोआप उघडतो. डावा तीन दिवस टिकतो." आणि मग ती गप्प झाली, कारण पहिला दोष तिनंच सांगून टाकला होता.

पुढचं तिला थांबवताच येईना. नऊ वर्षं दर पाहुण्यासमोर चंद्रहासचं हे आख्यान तिनं ऐकलं होतं, चहाचे कप गोळा करत, कान बंद ठेवून. कान बंद नव्हते म्हणायचे. तिनं विरेमूला पुढची देवळाच्या दारासारखी उभी जाळी दाखवली, तिच्यावरचा चौकोनी तारा दाखवला. मागच्या चाकांवर ओढलेला पत्र्याचा पदर दाखवला, त्यानं गाडी जमिनीवरून तरंगत चालल्यासारखी दिसते हे सांगितलं. दोन दारांच्या मधल्या खांबावरचा कंदिलासारखा छोटा दिवा, मागच्या कोपऱ्यातली लंबगोल काच. मागे बसणाऱ्याला बाहेरचं दिसावं, पण बाहेरच्याला तो नीट दिसू नये, म्हणून ती एवढी लहान. मखमलीच्या गाद्या तर वेगळ्या उशा शिवून वर ठेवाव्यात तशा फुगीर. विरेमू पुढच्या सीटवर बसला आणि खोल गेला.

"हा सोफा आहे," तो म्हणाला.

"माझी आई दोन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा सगळीकडे यातूनच फिरली," मृदुला म्हणाली. "बाकीच्या गाड्यांत तिला एकतर वाकावं लागायचं नाहीतर चढावं लागायचं. हिच्यात नुसतं मागे टेकायचं." हे चंद्रहासच्या आख्यानात नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं, आणि तिला स्वतःचा राग आला. तिनं दिवे बंद केले, दोन्ही डोळे मिटू दिले आणि इंजिन बंद केलं.

"कुठे ठेवणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"शेड आहे माझी. समुद्राला लागून."

"खाऱ्या वाऱ्यात?" तिच्या तोंडून निघून गेलं. आपण हे बोललो यावर तिचा विश्वास बसेना. नवऱ्याची लागण झाली होती, दुसरं काय.

विरेमू हसला. "शेड बंद आहे. आणि आयुष्यभर मी खाऱ्या पाण्यात लोखंडच जपलंय. स्वीट ॲज, काळजीच नको." त्यानं उतरून टपावरून हात फिरवला. "मागची डिकी बघू, मग खालून एकदा बघतो. ठीक असेल तर मी घेतली."

मृदुलाच्या डोक्यावरचं मणाचं ओझं उतरलं. सोमवारी सुतार, पुढच्या आठवड्यात फरशी, मग पलंग. डिकी उघडायचं बटण पुढच्या कप्प्यात होतं. तिनं कप्पा उघडला. बटणाच्या वर एक तपकिरी पाकीट कोंबलेलं होतं. ते बाजूला करायला ओढलं तर त्यातले कागद तिच्या मांडीवर पडले.

वरचा कागद चौकटी-चौकटींचा होता. पेन्सिलीनं काढलेला गॅरेजचा नकाशा. पलंग, खिडकी, न्हाणीघराच्या वाटेवर भिंतीला धरायचे दांडे. कडेला चंद्रहासचं बारीक अक्षर: "आईंची उंची चार फूट अकरा. बेसिन खाली घेणे. दिव्याच्या बटणापर्यंत पलंगावरून हात पोचला पाहिजे."

त्याखाली पत्रं होती, त्यांच्या वसाहतीच्या बॉडी कॉर्पोरेटची, म्हणजे सोसायटीची. पहिलं फेब्रुवारीचं. दोन हजार तेवीसच्या जानेवारीत पावसानं शहरात पूर आला त्यानंतर नकाशे नव्यानं तपासले गेले, तुमची घरांची रांग पुराच्या पाण्याच्या वाटेवर येते, तळमजल्यावर कोणालाही झोपता येणार नाही, सबब परवानगी नाकारली आहे. दुसरं मार्चचं, चंद्रहासच्या फेरविचाराच्या अर्जावर: नाही. तिसरं मेमधलं: नाही, आणि कृपया याविषयी पुन्हा लिहू नये.

मृदुलानं तिन्ही पत्रं दोनदा वाचली. मधे केव्हातरी तिनं बटण दाबलं होतं आणि विरेमूनं डिकी स्वतःच बघून बंद केली होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "माझं विमान पाचला आहे. मला घाई नाही." मग त्यानं कुठूनतरी जुना पुठ्ठा शोधला, विजेरी घेतली आणि गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे दोन अनवाणी पाय उरले.

चंद्रहास बाराला आला तेव्हा मृदुला पुढच्या सीटवर तशीच बसलेली होती. एका हातात पोह्यांचा पुडा, दुसऱ्या हातात अळूची पिशवी, असा तो गॅरेजच्या दारात उभा राहिला. त्यानं आधी पाय बघितले, मग मांडीवरचे कागद.

"ते दोनला येणार होते ना?" तो म्हणाला.

"फेब्रुवारी, चंद्रहास. फेब्रुवारीचं पत्र आहे हे."

त्यानं पिशव्या टपावर ठेवल्या. एरवी टपावर कोणी रुमाल ठेवला तरी तो धावत येतो.

"तीनदा लिहिलं मी त्यांना," तो म्हणाला. "एकदा जाऊन भेटलो. पाणी अडवायचा कठडा बांधतो म्हटलं, माझ्या खर्चानं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार होतो? तू रोज आईंना फोनवर पडद्याचा रंग विचारत होतीस."

"आणि ती चार माणसं? त्यांना मुद्दाम घालवलंस?"

"गाडी गेली असती तर दुसऱ्या दिवशी तू सुतार उभा केला असतास. मग सांगावंच लागलं असतं." चंद्रहास गाडीखालून निघालेल्या पायांकडे बघत बोलत होता. "गाडी होती तोवर तू माझ्यावर चिडत होतीस. ते चालत होतं. चिडलेली तू माझ्या सवयीची आहेस. मला वाटलं, तेवढ्यात काहीतरी मार्ग काढीन."

मृदुलाला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पाच महिने तिनं या गाडीला शिव्या घातल्या होत्या, नवऱ्याला स्वार्थी म्हटलं होतं, एकदा तर आईपेक्षा पत्रा प्यारा असंही म्हणाली होती, आणि तो गप्प बसून ऐकत राहिला होता. रागावायचं तरी कोणावर? गाडी निर्दोष निघाली, नवरा मूर्ख निघाला, आणि मूर्खपणाही असा की त्यावर धड ओरडता येईना. तीन आठवड्यांनी आई विमानात बसणार होती. तिला कुठे उतरवायचं, हे या घरात कोणालाही माहीत नव्हतं.

"आईला फोन लाव," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तू सांग."

पुण्यात पावणेसहा वाजले होते. आशालताबाई पाचलाच उठतात. फोन स्पीकरवर टाकून चंद्रहासनं तो बॉनेटवर ठेवला.

"चंद्रहासराव? इतक्या सकाळी?" आवाज खणखणीत होता. "काय म्हणते आपली गाडी?"

"गाडी बरी आहे, आई." त्यानं फोन जवळ ओढला. "तुमच्या खोलीचं जमत नाहीये." मग त्यानं सगळं सांगितलं, पुराच्या पाण्यासकट, काही न लपवता, गिऱ्हाइकांना गंज दाखवताना सांगायचा तसं. मृदुला अळूच्या पिशवीकडे बघत राहिली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आशालताबाई म्हणाल्या, "म्हणजे मी राहू कुठे? गाडीत?"

तेवढ्यात गाडीच्या उजव्या डोळ्यावरची पापणी सावकाश वर गेली. गाडीखालून विरेमू पुठ्ठ्यावरून घसरत बाहेर आला, उठून बसला आणि हात पुसत म्हणाला, "सांगाडा झकास आहे. मी घेतो."

चंद्रहासनं मृदुलाकडे बघितलं. या खेपेला त्यानं चिकाचं, गंजाचं, कशाचंच नाव काढलं नाही. "दे," तो हळूच म्हणाला. "आता ठेवून काय करायचंय?"

मृदुला गाडीतून उतरली. सवयीनं पोट आत घेतलं, सवयीनं चेंडू डोक्याला लागला, आणि तिचं डोकं फिरलं. तिनं त्या चेंडूला हिसका देऊन दोरीसकट छतापासून तोडला.

"सॉरी, विरेमू," ती म्हणाली. "गाडी विकायची नाही. मी तुम्हाला उगाच एवढ्या लांब आणलं. विमानाचं भाडं आम्ही देऊ." मग ती चंद्रहासकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ज्या घरात ना ही गाडी धड मावते ना माझी आई, ते घर कशाला ठेवायचं? घर विकू. एकमजली बघू, लांब असलं तरी चालेल. मी तासभर आधी निघेन सकाळी. तोवर भाड्याचं घे. वीस जुलैच्या आत घे, आणि या वेळी मला सांगून घे."

चंद्रहासनं टपावरच्या पिशव्या उचलल्या आणि त्यांच्याखाली ओरखडा पडलाय का ते बघितलं. मृदुलानं कपाळाला हात लावला.

विरेमूला शब्द कळले नव्हते, पण अर्थ बहुधा कळला असावा. "पोहे उरलेत का?" त्यानं विचारलं.

फोन अजून चालूच होता. "मृदुला," आशालताबाई म्हणाल्या, "ऐकतेय मी सगळं. घर बघाल ना, तर गाडीची जागा आधी मापून घ्या बाई. मोठी आहे ती. माझं काय, मी कुठेही मावते."

मृदुला बॉनेटवर ओणवी झाली, फोन दोन्ही हातांत धरला आणि रडू लागली. चंद्रहास वर पोहे करायला गेला.